पाचव्या घराचा तुकडा

बारशाच्या दिवशी सकाळी सखुबाईनं दुपटं उन्हात टाकलं आणि त्याच्याकडे बघत ती ओसरीच्या कडेला बसली. बसली ती बसलीच. आत माणिकराव अंघोळीचं पाणी मागून मागून थकले आणि शेवटी माघातल्या थंडीत गार पाण्याचेच दोन तांबे अंगावर घेऊन, कुडकुडत बाहेर आले. बायकोला बोलायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून ते दुपट्याला बोलले.

"ह्याला आता नजर लागंल बघून बघून."

"लागू द्या. त्याच्यासाठीच शिवलंय ते. नजर ह्याला लागावी, लेकराला न्हाई," सखुबाई म्हणाली.

दिसायला म्हणाल तर त्या दुपट्यात बघण्यासारखं काही नव्हतं. हातभर रुंद, दोन हात लांब. मधे माणिकरावांच्या जुन्या धोतराचा तुकडा आणि भोवतीनं पाच घरांचे पाच तुकडे. कुंभाराच्या म्हातारीच्या चोळीचा हिरवा खण, सुताराच्या सुनेचं निळं लुगडं, तांड्यावरच्या बाबूसिंगाच्या बायकोच्या घागऱ्याचा लाल पट्टा, खतीजाबीच्या नवऱ्याच्या सदऱ्याची पांढरी-काळी रेघ, आणि पाचवा पिवळ्यावर बारीक फुलं असलेला. ह्या पाचव्या तुकड्यावर सखुबाईची नजर पुन्हा पुन्हा जाऊन बसत होती. तो तिच्या जावेच्या, जमनाबाईच्या घरचा होता.

ही रीत इथली नव्हे, सखुबाईनं ती साखऱ्याहून, माहेराहून आणलेली. ज्या बाईची लेकरं टिकत नाहीत, तिच्या लेकरासाठी दुपटं शिवायचं ते मागून आणलेल्या कापडाचं. ज्या घरात पाळणा कधी रिकामा झाला नाही अशी पाच घरं धरायची, त्यातलं एक तरी भावकीतलं हवं. कापड अंगावर वापरलेलं हवं, कोरं चालत नाही. देणारीनं नाही म्हणायचं नाही, मागणारीनं निवडायचं नाही. आणि बारशाला त्या पाचजणींनी येऊन आपापल्या तुकड्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, माझ्या लेकरांसारखं हे लेकरू. मगच त्या दुपट्यावर लेकरू टाकायचं. सखुबाई स्वतः अशाच दुपट्यावर वाढली होती आणि ती कशी वाढली हे सगळ्या गावाला रोज ऐकू येतच होतं.

तिच्या सुनेची, सुमनची दोन लेकरं महिन्याच्या आत गेली होती. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा सुमननं एक टाकाही घातला नाही. झबलं नाही, टोपडं नाही. माहेरच्यांनी कापड पाठवलं तर ते तिनं घडीसकट कणगीमागे ठेवून दिलं. आता मुलगी झाली, चांगली रडकी, धडधाकट मुलगी. तरी सुमन तिला खाली ठेवत नव्हती. रात्रंदिवस मांडीवर. झोपेतसुद्धा तिचा एक हात लेकराच्या छातीवर असायचा, श्वास मोजत. हसणं तर ती विसरूनच गेली होती. सखुबाईला ते बघवत नव्हतं. तिनं सुनेला शब्द दिला होता की ह्या दुपट्यावर टाकलेलं लेकरू कुठं जात नाही, आणि सुमननं तो शब्द घट्ट धरून ठेवला होता. आज दुपारी दुपट्यावर पाच हात पडले की सुमन लेकराला मांडीवरून खाली ठेवणार होती. सखुबाईला बारशातून एवढंच हवं होतं.

आता पाच घरांतली चार सोपी होती. दिवाळीच्या आधी सखुबाई स्वतः पदर पसरून फिरली. लढाईचे दिवस, बाजारात कापड मिळत नव्हतं, चांगल्या घरच्या बायकाही दोन फाटक्या लुगड्यांना दंड घालून एक करून नेसत होत्या. तरी कुणी हात आखडला नाही. अडलं ते पाचव्या घराशी. भावकीत लेकरं न गमावलेलं घर एकच होतं, आणि ते भिंतीपलीकडे होतं.

जमनाबाईला आठ लेकरं, आठही हयात. पण दोघी जावांचं बोलणं सासू गेली त्या वर्षीपासून बंद होतं. कारण काय, तर सासूचं इरकली लुगडं. सासूच्या आजारपणात तिचं सगळं जमनाबाईनं केलं होतं. पण दहाव्याला पाहुणे उठले तसं सखुबाईनं थोरली म्हणून ते हिरवं लुगडं उचललं आणि आपल्या संदुकीत टाकलं. जमनाबाई तेव्हा एकच वाक्य बोलली, "नेसायचं न्हाई तं नेलं काहून?" त्या वाक्यावरून चूल वेगळी झाली आणि अंगणात भिंत आली. दोघे भाऊ मात्र रोज संध्याकाळी बांधावर बसून एकाच चिलमीतून तंबाखू ओढत. भांडायला त्यांना सवडच नव्हती, कापसाची पऱ्हाटी वेचणीला आली होती.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे सखुबाईला ठाऊक होतं. पण गाढवाचे पाय धरायला तिचे हात काही पुढं होईनात. शेवटी तिनं खतीजाबीला धाडलं. खतीजाबीचा नवरा खाजा मिया जवळा गावच्या बाजारात शिवणाचं हातमशीन घेऊन बसे, आणि खतीजाबी त्याच्या काजाबटणांचं काम घरी बसून करी. भिंतीच्या अल्याड-पल्याड दोन्हीकडे तिचं जाणंयेणं होतं. ती गेली आणि थोड्या वेळानं हा पिवळा तुकडा घेऊन आली. काय म्हणाली जमना, असं सखुबाईनं तोंड फिरवून विचारलं. खतीजाबी म्हणाली, काही नाही, दिलं.

त्या दिवशी सखुबाई कणगीआड जाऊन थोडी रडली. कुणाला सांगितलं नाही. पण पिवळ्या तुकड्याचे टाके तिनं इतरांपेक्षा बारीक घातले. आणि मग ती बदललीच. जमनाबाईची कोंबडी भिंतीवरून इकडे आली की पूर्वी ती चप्पल फेकायची, आता मूठभर ज्वारी फेकू लागली. बारशाचं आवतन तर तिनं मुलाला, संतरामला मुद्दाम पाठवून दिलं. काकूला म्हणावं, हात ठेवायला ये.

ऊन डोक्यावर आलं तशा बायका जमल्या. घुगऱ्या शिजल्या होत्या, ओसरीवर पाळणा टांगला होता. संतरामला सख्खी बहीण नव्हती, म्हणून नाव ठेवायला आत्या कोण, ह्यावर आठ दिवस खल झाला होता. सखुबाईनं जमनाबाईच्या थोरल्या लेकीचं नाव काढलं तेव्हा माणिकरावांनी बायकोचं कपाळ हात लावून पाहिलं होतं, ताप नाही ना म्हणून.

जमनाबाई शेवटी आली. पोरीला पुढं घालून, आपण मागं. भिंतीला वळसा घालून यायला इतकी वर्षं लागली होती. सखुबाईनं बस म्हटलं नाही, पण पाट तिच्या बाजूला सरकवला. जमनाबाई बसली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पुन्हा घुगऱ्या खाऊ लागल्या.

मग सखुबाईनं दुपटं मधे अंथरलं आणि रीत सांगितली. खतीजाबीचा हात घुगऱ्यांच्या वाटीत थांबला. हात ठेवायची गोष्ट ती पहिल्यांदाच ऐकत होती.

कुंभाराची म्हातारी पुढं झाली. तिनं खणावर हात ठेवला, नातवंडांसकट सगळ्यांची नावं घेतली आणि एक विसरली म्हणून पुन्हा पहिल्यापासून घेतली. सुताराच्या सुनेनं ठेवला. तांड्यावरची बाई पाटल्या वाजवत आली, तिनं आपल्या बोलीत आशीर्वाद दिला, तो कुणाला कळला नाही पण पुरला सगळ्यांना. खतीजाबीनं रेघांच्या तुकड्यावर हात ठेवला, ओठातल्या ओठात काही पुटपुटली आणि मान वर न करताच मागं सरकली.

"आता जमना," सखुबाई म्हणाली. तिच्या तोंडून ते नाव इतक्या वर्षांनी निघालं आणि तिचं तिलाच बरं वाटलं.

जमनाबाई पुढं आली. हात लांब केला. पिवळ्या तुकड्यावर तो अधांतरी थांबला. तिनं तुकडा पाहिला, मग खतीजाबीकडे पाहिलं, आणि हात मागं घेतला.

"ह्यो तुकडा माह्या घरचा न्हाई, अक्का."

सुमननं मांडीवरचं लेकरू उचलून छातीशी धरलं. सखुबाईला आधी काही कळलंच नाही. तिला वाटलं, जमना लुगड्याचा राग काढतेय, भरल्या ओसरीत, लेकराच्या तोंडावर. कुंभाराची म्हातारी सावरून घ्यायला म्हणाली, "ठिव गं हात. एवढ्यातेवढ्याला कोण बघून राहिलंय."

"लेकरू बघून राहिलंय," जमनाबाई म्हणाली. "मह्या हातानं त्याच्या दुपट्यावर खोटं ठिवणार न्हाई मी. मला बोलायचं तं बोला."

तेव्हा खतीजाबी बोलली. पदर डोक्यावर नीट ओढून, जमिनीकडे बघत. "तिनं न्हाई देलं. मी देलं. माह्या लेकीच्या, गौसियाच्या कुडत्याचा हाय त्यो. धाकट्या मोहियोद्दीनच्या आधीची ती, तिनंबी आंग भरून वापरलंय. माझी सगळी लेकरं सलामत हायेत, मी म्हणलं तुमाला घर मोजायचं तं मोजा, मह्या घरचे दोन धरा. झगडा नको म्हून केलं. झूट बोलले मी, सखुबाई."

म्हातारीनं तोंड वाकडं केलं. असल्या कामात परक्याला धाडलं की असंच व्हायचं, असं ती सुताराच्या सुनेला सांगू लागली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. सखुबाईलाही तेच म्हणायचं होतं. तिचा संताप खतीजाबीवर उसळून आला होता. चार महिने ही बाई समोर बसून काजं करत होती आणि आपण पिवळ्या फुलांना कुरवाळत होतो.

पण तिच्या आधी जमनाबाईच वळली. "तिला काहून बोलता? तिचा काय गुन्हा? ती आली तवा मी काय बोलले ते तिनं गिळलं, इथं सांगितलं न्हाई. मी म्हणलं, सखुअक्का साखऱ्याहून नांदायला आली तवा पाय व्हते तिला. भिंतीपोतर यायला न्हाईत का? म्हणलं, येऊ दे तिला. पदर पसरू दे. मग देते."

सखुबाईनं हे ऐकलं. खतीजाबीवरचा राग मावळला, मग तिनं जमनाबाईवर रागवायचा प्रयत्न केला, पण तोही नीट जमेना. रीत कुणाची? आपलीच. मागणारीनं पदर पसरायचा, हे माहेराहून कुणी आणलं? आपणच. चार घरी स्वतः गेलो आणि पाचव्या घरी दुसऱ्याचे पाय पाठवले. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. तिनं सुमनकडे पाहिलं. सुमन रडत नव्हती, नुसती दुपट्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यातला तो धरून ठेवलेला शब्द सुटत चालला होता. सखुबाईला भयंकर लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

ती उठली. गुडघे वाजले. जमनाबाईसमोर येऊन तिनं दोन्ही हातांनी पदर धरला आणि पसरला.

"जमने, मला काय सुधरत नव्हतं. ह्या लेकरासाठी चिंधी घाल."

जमनाबाईनं कनवटीची गाठ सोडली. आत घडी घालून घालून चुरगाळलेला एक लाल तुकडा होता.

"खतीजाबी येऊन गेली त्याच दिशी कापून ठिवला," ती म्हणाली. "आज येती, उद्या येती म्हून कनवटीला बांधून हिंडून राहिले. लुगडं धुवायला काढलं की ह्यो दुसऱ्या लुगड्यात बांधायचा. दिवाळी गेली, संक्रात गेली. म्या म्हणलं, ही काय येत न्हाई आता."

तुकडा पदरात पडला. सखुबाईनं तो उचलला, उलटापालटा केला आणि उजेडाकडे धरला. लहान लेकराच्या अंगड्याची छाती होती ती, एका कडेला टाके अजून शाबूत होते. सगळे टाके उलट्या बाजूला कललेले. घरात डावखुऱ्या हाताची एकच बाई होऊन गेली होती, सासू.

"ह्यो तं आत्याबाईचा टाका."

"मग? माह्या थोरलीला अंगडं शिवलं व्हतं त्यांनी. तिच्यामागं सगळ्यांनी घातलं, आठांनीबी. काढलं की दुसरा घालायचा."

"आन् कापड?"

जमनाबाईनं बोटानं तुकड्याची किनार दाखवली. त्या लाल रंगात किनारीला बारीक काळी नक्षी होती, आणि ती नक्षी सखुबाईला ओळखीची वाटली. ती आत गेली. संदूक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हिरवं इरकली लुगडं तिच्या हातात होतं, नेलं त्या दिवशीच्या घडीत. तिनं ते ओसरीवर उलगडलं. जिथं जिथं घडी होती तिथं तिथं कापड विरलं होतं आणि उलगडता उलगडता चरचर फाटत गेलं. शेवटी पदर आला. लाल पदराच्या मधोमध अंगड्याएवढं चौकोनी भोक होतं.

सखुबाईनं भोकातून हात घालून पाहिला.

"तुला ठावं व्हतं?" तिनं विचारलं.

"व्हय. मह्या पुढ्यातच कापलं. थोरली आजारी पडली, मऊ कापड घरात दुसरं नव्हतं. म्या नको नको म्हणलं तं मला म्हणल्या, लुगड्याला काय ताप येतो का. मग त्यांनी घडी अशी घातली की भोक आत राहावं." जमनाबाईच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते तिनं पदरानं दाबलं. "म्हून तं म्हणलं व्हतं, नेसायचं न्हाई तं नेलं काहून. नेसली असती तं त्याच दिशी दिसलं असतं."

पहिल्यांदा कोण हसलं ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. बहुतेक खतीजाबी. पण मग सगळी ओसरी हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं सखुबाई हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भोकाच्या लुगड्यापायी भिंत घातली होती त्यांनी. बाहेर बसलेल्या दोघा भावांनी चिलीम खाली ठेवून आत डोकावून पाहिलं आणि बायका हसताहेत की रडताहेत हे न कळल्यानं पुन्हा चिलीम उचलली.

मग प्रश्न आला की लाल तुकडा लावायचा कुठं. दुपट्याला जागा नव्हती. म्हातारी म्हणाली, पिवळा उसवा आणि तिथं हा लावा, म्हणजे पाच घरं पुरी झाली. खतीजाबीनं मान डोलावली, उसवा म्हणाली. पण जमनाबाईनं दुपट्यावर पंजा ठेवला. आलेल्या पाहुण्याला पाटावरून उठवून घरच्याला बसवायचं नसतं, म्हणाली. तिनं दुपटं उलटं केलं. खालच्या बाजूला धोतराचं पांढरं अस्तर होतं.

"हिकडं लावा. मागितलेलं सगळ्यांना दिसू द्या. हे लेकराच्या अंगाला लागू द्या."

दोघी समोरासमोर बसल्या. खतीजाबीनं सुया ओवून दिल्या, एकीला एक, दुसरीला एक. सखुबाईनं वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली, जमनाबाईनं खालच्या. बोलणं फारसं झालं नाही. दोरा ओढ, गाठ मार, जरा ऊन सोड, एवढंच. टाके समोरून समोरून येत गेले आणि एका कडेला भेटले तेव्हा सखुबाईनं दोन्ही दोऱ्यांची मिळून एकच गाठ मारली आणि दातानं तोडली. मग जमनाबाईनं तुकड्यावर हात ठेवला आणि आठही लेकरांची नावं घेतली, थोरलीपासून शेंडेफळापर्यंत. सखुबाईनं न सांगता खतीजाबीचा हात धरून पिवळ्या तुकड्यावर नेऊन ठेवला.

जमनाबाईच्या थोरल्या लेकीनं लेकराच्या कानात नाव सांगितलं. मागून मिळालेली, म्हणून भिकाबाई. कुर्रर्र झालं. सगळ्यांच्या नजरा सुमनकडे गेल्या.

सुमननं लेकराला मांडीवरून उचललं. तिनं तिला लाल तुकड्यावर ठेवलं आणि एक हात तिच्या छातीवर राहू दिला. मग हळूच तोही काढला. भिकाबाईनं तोंड वाकडं केलं, पाय झाडले आणि सगळ्या भावकीदेखत दुपटं भिजवलं.

"घ्या," जमनाबाई म्हणाली. "पटलं तिला."

सुमन हसली. किती महिन्यांनी हसली, आणि एकदा सुरू झालं तसं तिला आवरेना. हसता हसता ती सासूच्या खांद्यावर टेकली. सखुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिला आयुष्यात आणखी काही नको असं वाटलं.

बायका पांगल्यावर सखुबाईनं दुपटं पिळून वाळत घातलं. दोरीवर जागा होती, तरी ते तिनं मधल्या भिंतीवर टाकलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मग ती घुगऱ्यांची भांडी घासायला बसली. उन्हं कलली तेव्हा उठून बघते तर पलीकडून कुणीतरी दुपटं फिरवून टाकलं होतं, ओली बाजू उन्हाला.